कोणी न थांबवलेला पाठ

माझी मान वळेनाशी झाली याची पहिली दखल फुलवालीने घेतली. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ती बसते. सकाळी देवळात जाताना तिच्याकडून बेल आणि चार फुले घेण्याचा माझा जुना परिपाठ. ज्या दिवशी घ्यायची नसत, त्या दिवशीही मान वळवून तिची चौकशी केल्याशिवाय मी पुढे जात नसे. एका सकाळी तिने मागून हाक मारली.

"गुरुजी, आता आमच्याकडं बघायचं बी सोडलासा व्हय?"

मी थांबलो आणि तिच्याकडे वळण्यासाठी मला पावलांसकट सगळे शरीर फिरवावे लागले. भिंतीलगतचे कपाट फिरवावे, तसा मी फिरलो.

"बघतो आहे की, बाई."

"कुठलं बघतासा! चार दिस झालं, नाकासमोर बघून चाललायसा. मी म्हटलं, गुरुजींची पेन्शन वाढली जणू."

शेजारचा नारळवाला मोठ्याने हसला. मी म्हणालो, "मान अवघडली आहे. झोपेत उशी सरकली असावी."

"मग सांगायचं न्हाय? तिळाचं तेल कोमट करा आन् चोळा. ती उशी टाकून द्या आधी."

मी उशी काढून टाकली. तेलही कोमट केले. परंतु मानेची मागची बाजू ही मोठी अडचणीची जागा आहे. ती आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याचा हात नसेल तर तिथे तेल नीट लागतही नाही. पत्नी गेल्यापासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. मुलगी पुण्याला असते. संध्याकाळी तिचा फोन येतो. त्या फोनखेरीज घरात माझ्या आवाजाला उत्तर देणारे कोणी नाही. तेलाची वाटी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, हे आठवते. मग जमेल तसे लावले आणि वाटी पुसून ठेवली.

माझ्या दिवसाला खरा अर्थ होता तो सकाळच्या पाठामुळे. नदीकाठी एक लहान शिवालय आहे. त्याच्या मंडपात मी आणि माझा गुरुबंधू समोरासमोर बसून वेदपाठ करीत असू. तो माझ्याहून बराच लहान. आम्ही एकाच गुरूंच्या पायाशी शिकलो. पुढे मी शाळेत संस्कृत शिकवले आणि तो कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागला. परंतु कंपनीची बस गाठण्यापूर्वी पाठाला बसायचे, हे त्याने कधी चुकवले नाही. तो निवृत्त झाल्यावर आमची बैठक अधिक निवांत झाली, इतकेच.

आमच्या पाठाची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. अर्धी ऋचा एकाने म्हणायची, उरलेली अर्धी दुसऱ्याने. एक म्हणत असताना दुसऱ्याने विसावा घ्यायचा नसतो. त्याने ऐकायचे असते. म्हणणाऱ्याचा स्वर ढळला, वर्ण घसरला, शब्द गळला, तर ऐकणाऱ्याने तत्क्षणी मांडीवर थाप मारून त्याला थांबवायचे. ज्याला थांबवले त्याने रागवायचे नाही आणि क्षमाही मागायची नाही. मागे जाऊन पुन्हा म्हणायचे. आमचे गुरू म्हणत की थांबवण्यात अपमान नाही, ती पाठाची सेवा आहे. मोठ्याने लहानाला थांबवावे तसे लहानानेही मोठ्याला थांबवावे. त्या आसनावर वय नसते.

आणि आमचा पाठ केवळ कंठाने होत नाही. खालच्या स्वराला मान खाली जाते, चढत्या स्वराला वर उठते, मधल्या स्वराला स्थिर राहते. लहानपणी गुरू मस्तक हातात धरून ते स्वराप्रमाणे हलवीत आणि ती सवय हाडांत मुरते. म्हणून मानेचे दुखणे वाढू लागले, तेव्हा त्याचे कारण मला फार दूर शोधावे लागले नाही. ज्या मानेने उभा जन्म स्वर वाहिले, तिने म्हातारपणी तक्रार केली तर नवल काय? शेतकऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसे हे, अशी मी मनाची समजूत घातली. वेदना कवटीच्या तळाशी, कानामागे सुरू होई. आडवे झाल्यावर अधिक वाढे आणि उठून बसल्यावर थोडी उतरे. आडवे होण्यापेक्षा आसनावर बसणे बरे वाटावे, यातही मला देवाची एक खूण दिसली.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो. बऱ्याच काळात पाठात मला कोणी थांबवले नव्हते. ऐन उमेदीच्या वर्षांतही आठवड्यात एखाद-दोन वेळा समोरून थाप येई. तशी ती येतच असते. माणसाचा पाठ आहे, यंत्राचा नव्हे. परंतु पत्नीच्या निधनानंतर माझा पाठ अखंड चालू लागला होता. पहिल्यांदा मी लक्ष दिले नाही. मग लक्ष गेले आणि मनात एक हळुवार, काहीशी लाजरी कृतज्ञता उत्पन्न झाली. घर रिकामे झाले त्याची ही भरपाई असावी, असे मला वाटू लागले. देवाने एक हात सोडवून घेतला आणि माझ्या रिकाम्या हातात हे ठेवले. मंडपातून घरी परतताना मी पायऱ्या चढत असे, तेव्हा या एका विचाराची मला सोबत असे.

मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आचमनाची पळी हातातून निसटू लागली. भाताचा घास घशात अडके आणि पाण्याचा घोट त्याला खाली नेऊ शकत नसे. मुलीला फोनवर हे कळले ते माझ्या सांगण्याने नव्हे.

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय? तोंडात काही आहे का?"

"काही नाही. फोनचा दोष असेल."

"फोन नवा आहे, मीच दिलाय. तेल बास झालं आता. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवायचं. काकांना बरोबर घेऊन जा."

काका म्हणजे माझा गुरुबंधू. तो रिक्षा घेऊन दारात आला. रिक्षात बसायला मस्तक खाली करावे लागते आणि माझे होईना. रिक्षावाला पाहत होता.

"काय पावणं, वाकाय येत न्हाय व्हय? पाठमोरं व्हा, बूड टेका, मग पाय आत घ्या. नवरीवानी बसा निवांत. खड्डं चुकवून नेतो."

"सगळेच चुकव," गुरुबंधू म्हणाला.

"सगळं चुकवाय लागलो तर राजारामपुरीला जायला पन्हाळ्यावरनं वळसा पडंल की!"

राजारामपुरीतले डॉक्टर तरुण होते. त्यांचे घराणे शिरोळकडचे, जैन, शेती आणि अडत पिढ्यान्‌पिढ्यांची. घरातला पहिला डॉक्टर आपण, असे त्यांनी बोलता बोलता सांगितले. त्यांनी माझी बोटे दाबून पाहिली, तळपायांवरून काहीतरी ओढले आणि मग तोंड उघडायला सांगून दिव्याने घसा पाहिला. मग दिवा आणखी जवळ आणून पुन्हा पाहिला. पडजिभेच्या मागची भिंत पुढे फुगली होती. एमआरआय झाला. नंतर गाठीचा कण काढून तपासायला पाठवला गेला. उत्तर आले, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवले.

"गुरुजी, मानेचा वरून दुसरा मणका. त्यात गाठ आहे. ही जात फार दुर्मीळ. खरं सांगतो, मी पुस्तकात वाचलीय. समोर पहिल्यांदा बघतोय."

"कशाने झाली?" गुरुबंधूने विचारले. "मान सारखी हलवून?"

"छे, छे. मान हलवून असलं काही होत नाही." ते माझ्याकडे वळले. "आईच्या पोटात असताना, पाठीचा कणा तयार व्हायच्या आधी, तिथे एक दोरी असते. पृष्ठरज्जू. तिच्या आधारानं कणा बांधला जातो आणि मग ती विरून जाते. कुणाकुणात तिचे कण मागे राहतात. बहुतेकांत ते जन्मभर गप्प असतात. तुमच्यात ते जागे झाले."

मी ऐकत राहिलो. माझ्या नावाच्या आधीचे, मुंजीच्या आधीचे, पहिल्या अक्षराच्याही आधीचे काही माझ्यात राहून गेले होते आणि इतकी वर्षे त्याने वाट पाहिली होती. भय वाटले का, असे कोणी विचारले तर प्रामाणिकपणे सांगतो, प्रथम आदर वाटला. भय घरी आल्यावर वाटले.

डॉक्टरांनी टेबलावरचे पेन उभे धरले आणि त्यावर टोपण सैल ठेवून फिरवले. पहिल्या मणक्यावर डोके टेकलेले असते. तिथे आपण मान डोलावून 'हो' म्हणतो. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते. तिच्याभोवती डोके फिरवून आपण 'नाही' म्हणतो. शस्त्रक्रियेत आधी मागच्या बाजूने कवटी आणि मान सळ्यांनी एकमेकांशी जोडून टाकावी लागेल. मग तोंडावाटे, घशाच्या मागून, जमेल तेवढी गाठ काढतील. हे पुण्याला करावे लागेल. उरलेल्या कणांसाठी नंतर किरणांचे उपचार.

"म्हणजे 'हो' आणि 'नाही' दोन्ही जाणार," मी म्हणालो.

"मानेनं म्हणायचं जाणार. तोंडानं म्हणायचं..." त्यांनी पेन खाली ठेवले. "आवाजाचं मी वचन देऊ शकत नाही, गुरुजी. गिळण्याचंही नाही. सुधारेलही, बिघडेलही. पण केलं नाही तर हात जातील, मग पाय, मग श्वास. गाठ सावकाश वाढते, म्हणून वेळ आहे. फार नाही."

घरी येऊन मी देवापुढे बसलो. मनात निर्णय जवळजवळ झालाच होता. उभ्या आयुष्यात जो पाठ साधला नाही, तो आत्ता कुठे निर्दोष होऊ लागला होता. तो कंठ शस्त्राखाली देऊन मुक्याने जगायचे, की जितके दिवस हाती आहेत तितके आसनावर घालवायचे? मला दुसरा मार्ग स्वच्छ दिसत होता. तरी निर्णय माझ्या एकट्याच्या समजुतीवर उभा राहू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर मी गुरुबंधूला विचारले.

"खरं सांग. माझा पाठ शुद्ध आहे ना?"

तो आसनाची घडी घालत होता. "तुमच्या पाठाला काय धाड भरलीय?"

"तसं नको. नीट सांग."

"नीटच सांगतोय, दादा. पाठ उत्तम आहे." आणि घडी नीट बसली नाही म्हणून त्याने आसन पुन्हा उलगडले.

त्या संध्याकाळी मी मुलीला सांगितले की मी शस्त्रक्रिया करून घेणार नाही. ती म्हणाली, "आई असती तर तिच्यासमोर हे बोलला असता तुम्ही?" तिने फोन ठेवला आणि मी तो हातात धरून बसून राहिलो. रस्त्यावरून एक दूधवाला ओरडत गेला, एवढेच त्या संध्याकाळचे मला आठवते.

पुढे काही दिवसांनी मंडपात ते घडले. मी माझी अर्धी ऋचा म्हणत होतो. मध्येच घशात काही अडकल्यासारखे झाले, श्वास कोंडला, खोकला आला आणि पुढचा भाग माझ्या तोंडून निघालाच नाही. रीतीप्रमाणे गुरुबंधूने थांबायला हवे होते. मी सावरून पुन्हा म्हणेपर्यंत त्याने वाट पाहायला हवी होती. तो थांबला नाही. माझ्या तोंडून गळलेले त्याने तत्काळ स्वतः उचलले, त्याला स्वतःची अर्धी ऋचा जोडली आणि जणू काही झालेच नाही असा पाठ पुढे नेला. इतक्या सहज, की बाहेर बसलेल्या भाविकाला त्यात सांधा दिसला नसता.

मला तो सांधा दिसला. मला दुसरेही काही दिसले. इतकी सफाई पहिल्या वेळेला येत नाही.

पाठ संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. खाली नदीत कोणी म्हशी धूत होते.

"तू मला शेवटचं कधी थांबवलंस?"

"कशात?"

"पाठात. चूक झाली म्हणून."

त्याने चष्मा काढून उपरण्याने पुसला. "आठवत नाही, दादा."

"मलाही आठवत नाही. म्हणून विचारतो आहे."

मी त्याच्याकडे मान वळवून पाहू शकत नव्हतो. नदीकडे पाहत विचारावे लागले. कदाचित म्हणूनच तो बोलू शकला असेल.

"विसर्ग ऐकू येत नाही तुमचा. घशातले वर्ण गुळगुळीत झालेत. स्वर चढायचा तिथे चढत नाही. तुम्हांला वाटतं चढवला, पण तो खालीच राहतो. कधी कधी शब्दच अर्धा राहतो."

"केव्हापासून?"

"वहिनी गेल्या, त्यानंतरच्या चातुर्मासापासून."

"आणि तू थाप मारली नाहीस."

"कशी मारू?" त्याचा आवाज एकदम चढला. "तुम्ही एकटे घरातून येता, एकटे परत जाता. वहिनी गेल्यात, म्हणून कंठ भरून येतोय, असं मला वाटलं. दुःखानं दाटलेला गळा मी मांडीवर थाप मारून थांबवू? म्हटलं, ओसरेल. ओसरलं नाही. मग रोजचं झालं. तुमचं राहिलेलं मी भरून काढायला लागलो. काल डॉक्टरांकडं... म्हणजे त्या दिवशी... त्यांनी दिव्यानं घसा बघितला ना, तेव्हा मला कळलं मी काय ऐकत होतो ते."

खालच्या म्हशी पाण्याबाहेर येत होत्या. तो पुढे म्हणाला, "वेळेवर बोललो असतो तर फरक पडला असता का हो?"

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता."

डॉक्टरांना मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. नंतरही विचारला नाही.

त्या दिवशी घरी परतताना पायऱ्या चढताना माझ्याजवळ सोबतीला काही नव्हते. मला मिळालेले दान हे दान नव्हते. ते एका भल्या माणसाचे मौन होते. पाठाच्या आसनावर वय नसते हे खरे, परंतु दया मात्र तिथेही येऊन बसली होती आणि तिला मी सिद्धी समजलो. त्याच्यावर मला राग आला नाही. राग यायला जी ऊब लागते तीही नव्हती. फक्त असे वाटले की वर्ष-दोन वर्षे मी मंडपात बसून बोलत होतो आणि समोर कोणी नव्हते.

संध्याकाळी मुलीचा फोन येण्याची वाट न पाहता मीच तिला फोन केला. म्हणालो, पुण्याची तारीख घे. एकाएकी हे कसे, असे तिने विचारले. जे राखण्यासाठी नको म्हणत होतो ते माझ्याजवळ आता नाही, असे मी सांगितले. तिला ते कळले की नाही, कोण जाणे. ती रडू लागली आणि मध्येच म्हणाली, "लोकरीची टोपी आणा बरोबर, इकडं थंडी आहे."

पुण्याच्या दिवसांविषयी मला फार लिहिता येणार नाही. दोनदा भूल दिली. श्वासासाठी गळ्यात नळी होती, अन्नासाठी नाकातून. मी पाटीवर लिहून बोलत असे. छताला लावलेला एक पंखा माझ्या दृष्टीच्या मध्यभागी होता आणि मान हलत नसल्यामुळे त्याच्याशिवाय मला दुसरे काही दिसत नसे. येणारे माणूस त्या पंख्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले तरच मला कळे. गुरुबंधू एकदा भेटायला आला. त्याला हे ठाऊक नव्हते. तो खाटेच्या बाजूला खुर्चीवर बराच वेळ बसला होता, असे मुलीने तो गेल्यावर सांगितले.

हात वाचले. पाय वाचले. किरणांचे उपचार संपवून मी कोल्हापूरला आलो. मुलगी पुण्यालाच राहा म्हणत होती. माझे देव इथे आहेत, असे मी सांगितले. ते पूर्ण कारण नव्हते, परंतु खोटेही नव्हते.

आता मस्तक खांद्यांवर एका जागी पक्के आहे. संध्या करताना तळहातावरचे पाणी मला दिसत नाही. ते आहे असे धरून चालावे लागते. चहाचा शेवटचा घोट कपाच्या तळाशी उरतो, कारण तो घ्यायला मान मागे करावी लागते. देवाच्या पायांवर डोके ठेवता येत नाही. कमरेतून वाकून हात जोडतो. रस्त्यात भेटलेल्यांना मान हलवून ओळख देता येत नाही. फुलवालीने त्यावर स्वतःच तोड काढली आहे.

"तुम्ही वळू नगासा, गुरुजी. तुम्ही आपलं सरळ या. मीच उठून फुडं येत जाईन."

आणि ती खरोखरच पुढे येते, बेल हातावर ठेवते आणि जाताना एखादा टोमणा मारते.

आवाज आहे. परंतु तो कुजबुजीपेक्षा थोडा मोठा आणि खरखरीत आहे. देवापुढे बसून मी स्वतःची परीक्षा घेतली. काही वर्ण उमटतात, काही उमटत नाहीत. चढत्या स्वराला मान उठू पाहते आणि धातू तिला उठू देत नाही. तेवढ्यात स्वरही हातचा जातो. अशा कंठाने मंडपात बसायचे नाही, हे मी ठरवले. गुरुबंधूने विरोध केला.

"देवाला चालतं, दादा."

"देवाला चालतं. पाठाला चालत नाही."

"मग मी एकट्यानं म्हणू?"

"एकट्याने म्हण. ऐकायला मी आहे."

मंडपापर्यंत रोज जाणे मला झेपत नाही. म्हणून दुपारी तो माझ्याकडे येतो आणि दुसऱ्या दिवशीचा भाग सगळा एकटा म्हणून दाखवतो, दोन्ही बाजूंचा. मी खुर्चीवर ताठ बसून ऐकतो आणि चुकले की खुर्चीच्या हातावर थाप मारतो. माझ्या तोंडातले गेले, पण कान शाबूत आहेत. आणि त्याच्याही पाठात बरेच काही शिरले आहे. इतके दिवस माझ्या चुका झाकताना त्याचे स्वतःच्या पाठाकडे लक्ष उरले नव्हते. पहिल्याच दुपारी मी त्याला इतक्यांदा थांबवले की शेवटी तो वैतागला.

"दादा, हे नवीन काय लागलं तुम्हांला?"

"जुनंच आहे. तू सोडलं होतंस."

मग तो उपरणे झटकून पाठात मागे गेला आणि चुकलेली ओळ पुन्हा म्हणाला. या वेळी ती बरोबर आली. मी काही बोललो नाही. बरोबर आल्यावर काही बोलायचे नसते.

तो गेल्यावर दार लावून घेतो. चहाचे कप विसळून पालथे घालतो. मुलीचा फोन यायला अजून वेळ असतो. त्या मधल्या वेळात मी डोळे मिटून बसतो आणि मनातल्या मनात म्हणू लागतो. तिथे विसर्ग स्पष्ट आहे. चढता स्वर चढतो. मस्तक हलते. आवाज पन्नाशीत होता तसा, मंडपाच्या छताला जाऊन भिडणारा. एकही वर्ण घसरत नाही आणि ऋचेमागून ऋचा येत राहते. ते फार सुंदर असते. परंतु मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तिथे मला थांबवणारे कोणी नाही.